गोड्या पाण्याची वस्ती

९ जानेवारी २०१४, गुरुवार
कोकणनगर, सहमजवळ

पोचलो. विमान वेळेवर, बॅग शाबूत आणि न्यायला आलेला माणूस माझ्याआधी हजर. मराठी माणसांच्या समारंभाला आलो आहे यावर घटकाभर विश्वास बसेना.

न्यायला अलीमियाँ आले होते. मूळचे दाभोळकडचे, वय साठीचं, पांढरी दाढी, पांढरी पिकअप. मस्कतपासून इथवर उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर आणि मधे मी बोलत होतो. ते अडीच तासांत एक अक्षर बोलले नाहीत. वाईच्या पाठशाळेत गुरुजींनी मला संस्कृत दिलं आणि गप्प श्रोता मिळाला की सुखावण्याची सवय दिली. दोन्ही अजून टिकून आहेत.

कामगिरी अशी. पंचवीस वर्षांपूर्वी कोकणातली सात कुटुंबं इथल्या ओसाडीत येऊन वसली. त्या पराक्रमाची स्मरणिका मी लिहायची. पंचवीस तारखेला वर्धापनदिन, त्याचा वृत्तान्त जोडायचा आणि तीसच्या विमानाने परत. आमच्या साप्ताहिकात दुसरं कोणी यायला तयार नव्हतं, म्हणून माझी विद्वत्ता सर्वांना एकदम आठवली.

निघताना वसुंधराने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, दोन वचनं मागितली. लोकांच्या घरी जेवून लोकांचीच टिंगल करायची नाही आणि तीसला नक्की परत यायचं. मी दुसरं दिलं.

जागा मात्र देखणी आहे. भिंतीच्या आत सात घरं, खजूर, लिंबं, लसूणघासाचे हिरवे वाफे. हवा वाईच्या मार्गशीर्षासारखी. मजेत आहे.

११ जानेवारी

आज वस्तीदर्शन. दाखवणारे एकनाथ रेडकर, वस्तीचे मूळ पुरुष, एकेकाळचे पंपमेकॅनिक. फाटकावर 'कोकणनगर' अशी पाटी आहे. आत कोकणातलं म्हणावं असं काहीच नाही, एक नारळाचं झाड आहे, तेही वांझ.

आजूबाजूचे सगळे मळे मेलेले आहेत. जमिनीखालून समुद्र आत शिरला, विहिरी खारट झाल्या आणि खजुरांची मुंडकी गळून नुसते खांब उरले. फक्त या भिंतीच्या आत पाणी गोडं. त्याचं श्रेय सातही कुटुंबं स्वतःकडे घेतात. मी कारण विचारलं, तर म्हणाले, मेहनत. समुद्र मेहनतीला घाबरतो हे भूगोलात नवीन आहे.

विहीर जुनी, दगडी, आत उतरायला पायऱ्या. एकनाथराव तिच्या काठी उभे राहिले आणि स्थापनेची कथा सांगू लागले. पिकअप थांबली. (इथे ते खोकले.) उतरून बघतो तर चहूकडे वाळू. आम्ही आलो तेव्हा इथे कोणी नव्हतं.

काठाच्या दगडावर दोराच्या खाचा आहेत, बोटभर खोल. म्हणजे या 'कोणी नव्हतं'ने शेदोनशे वर्षं भरपूर पाणी शेंदलेलं दिसतं. मी तसं म्हणालो. एकनाथराव हसले आणि कथा पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. पिकअप थांबली. खोकले.

दुपारी जमिनीचे मालक येऊन गेले, अर्बाब यासिर. फाटकाबाहेर गाडी उभी, पाय आत नाही. इथलं पाणी पुढे केलं तर छातीला हात लावून नको म्हणाले. जाताना खारवलेल्या माशांचा एक डबा मला देऊन गेले. एकनाथरावांनी तो माझ्या हातातून घेतला, लांब धरून नेला आणि भिंतीबाहेर फेकला. पाहुणचाराचा हा प्रकार मला नवा आहे.

१३ जानेवारी

जेवण अळणी.

पहिल्या दिवशी वाटलं, विसरल्या असतील. आता पाचवा दिवस. एकनाथरावांच्या मंडळी मीराबाई सगळ्या वस्तीचा स्वयंपाक करतात आणि आमटी, भाजी, लोणचं, कशातही मिठाचा कण नाही. आज मीठ मागितलं. पंगतीतले सगळे हात एकदम थांबले. जणू मी गुत्त्याचा पत्ता विचारला होता. मीराबाई म्हणाल्या, आमच्यात नाही खात. कोकणातली माणसं मीठ खात नाहीत, हेही स्मरणिकेत घालतो. तीन पिढ्यांचे मिठागरवाले वाचून रडतील.

मीठ असलेलं घर एकच, अलीमियाँचं. खरं तर त्यांच्या बायकोचं. अमीरुन्निसाबी. वस्ती वसल्यावर चार महिन्यांनी नवऱ्यामागून आल्या, म्हणून मूळ सात घरांच्या यादीत नाव नाही. मला 'ओ पेपरवाले' म्हणतात. धनंजय पाध्ये असं सुटसुटीत नाव असताना. सांगू लागलो तर कानावर हात ठेवला आणि पुढ्यात सुरमईचं कालवण ठेवलं. अपमान गिळला. कालवणाबरोबर सहज गेला.

रोज भर दुपारी, सगळी वस्ती झोपली की ही बाई एक ताट वाढून विहिरीच्या काठावर ठेवते आणि तासभर शेजारी बसते. तिचा नवरा तेव्हा घरात झोपलेला असतो. अंधश्रद्धा समुद्रापलीकडेही व्हिसाशिवाय येते.

१६ जानेवारी

मुलाखती संपल्या. सात घरं, चौदा माणसं, कथा एक.

एक म्हणजे एकच. पिकअप थांबली, आणि खोकला. मीराबाईंनी सांगितली, त्या तिथेच खोकल्या. अलीमियाँनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते हीच कथा सांगायला, आणि तेही तिथेच खोकले. आम्ही पाठशाळेत संथा घ्यायचो तेव्हा गुरुजी सूक्ताच्या मध्यावर खाकरायचे आणि आम्ही पोरं ते खाकरणंही इमानाने पाठ करायचो. पण आम्ही आठ वर्षांचे होतो. ही घोड्याएवढी माणसं स्वतःचं आयुष्य संथा घेतल्यासारखं म्हणतात. वाळवंटात राहून स्मरणशक्तीचंही वाळवंट झालं असावं. कीव करावी म्हणतो, जमत नाही.

उलट चौकशा मात्र भारी. जेवणानंतर सगळे माझ्याभोवती बसतात. वाईचं घर कसं, दार कुठल्या दिशेला. मी झोपतो कुठल्या कुशीवर. बायकोला काय म्हणून हाक मारतो, रागावलो की काय म्हणतो. मी सविस्तर सांगितलं. एरवी वसू म्हणतो, बिनसलं की वसुंधराबाई. घरी मला इतकं कोणी विचारत नाही.

१९ जानेवारी

आज एक गंमत. वर्धापनदिनासाठी मस्कतहून नारळ आले. एकनाथ रेडकर, राहणार मालवण, यांनी त्यातला एक आडवा धरून बदामासारखा दगडाने ठेचला. पाणी सांडलं, ते दचकून मागे सरले. मी विचारलं, मालवणच्या समुद्रात काय काय मिळतं हो. विचार करून म्हणाले, पाणी.

अशा माणसांना आपण आद्य वसाहतकार म्हणणार आणि मी त्यांना 'द्रष्टे' हे विशेषण लावणार.

अमीरुन्निसाबींनी आज कालवणाबरोबर सल्ला वाढला. हळू आवाजात म्हणाल्या, ओ पेपरवाले, चौकशा करतील, उत्तरं देऊ नका. आणि विहिरीवर स्वतःचं नाव अजिबात काढू नका, ते तुम्हाला पाहुणे म्हणतात ना, म्हणू देत. मी म्हटलं, बाई, माझं नाव मुंजीत आठ पुरोहितांच्या साक्षीने घेतलेलं आहे, त्याला काही होत नाही. त्या म्हणाल्या, माझ्या माणसाचं पण घेतलं होतं. कोणाच्या साक्षीने ते मी विचारलं नाही, कारण भाकरी गार होत होती.

२२ जानेवारी

गाऱ्हाण्याची तालीम ऐकली. कोकणात नवी जागा धरली की त्या जागेच्या राखणदाराला हाक मारून, त्याचं नाव घेऊन, परवानगी मागतात. रीत चांगली आहे. पण इथल्या राखणदाराचं नाव या शहाण्यांना माहीत नव्हतं. तेव्हा फाटकावर अर्बाबचे वडील उभे होते, त्यांना विचारता आलं असतं. यांनी विचारलं नाही. कारण काय, तर इथे कोणी नव्हतं.

मग एकनाथरावांनी काय केलं? 'बा म्हाराजा, जो कोण तू हय आसशीत,' अशी मोघम सुरुवात केली, आणि समोरच्याच्या नावाची जागा रिकामी राहिली म्हणून त्या जागी आपलीच सात घरं नावानिशी भरली. पंचवीस वर्षं तेच म्हणतात. पाकिटावर पत्त्याच्या जागी पाठवणाऱ्याचंच नाव लिहावं, तसं. पत्र जायचं कुठे?

न देश, न काळ, न गोत्र. मला राहवेना. पंचवीस तारखेला यांना दाखवून देतो संकल्प म्हणजे काय. अडचण एवढीच, की हे भरतखंड नव्हे. दोन तास विचार करून तोडगा काढला, 'सिंधुसागरस्य पश्चिमे तीरे, पुरातनकूपसमीपे'. इतका बिनचूक पत्ता या विहिरीला आजवर कोणी दिला नसेल.

२५ जानेवारी, शनिवार

विजय. संवत्सराचं नावही विजयच आहे.

बरोबर बारा वाजता विहिरीकाठी सगळे जमले. एकनाथरावांचं गाऱ्हाणं झालं, सातही घरांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मग मी पुढे झालो. संवत्सर, अयन, ऋतू, पक्ष, तिथी, स्थळ, गोत्र, प्रवर, वडील, आजोबा, पणजोबा आणि शेवटी धनंजयशर्मा अहम्. आवाज असा लागला की गुरुजी असते तर त्यांनी पहिल्यांदाच मान डोलावली असती.

शेवटी जो होकार आला तो चौदा माणसांपेक्षा बराच मोठा होता. विहिरी घुमतात.

अमीरुन्निसाबी लांब उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि घरात निघून गेल्या. बायकांना संस्कृत झेपत नाही असं माझे गुरुजी म्हणत. वसुंधरा यावर काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२६ जानेवारी

आज पंगतीत माझ्या पाटासमोर ताट आलं नाही. शेजारच्या रिकाम्या पाटासमोर आलं, वाढलंही गेलं. मी आवाज दिला. कोणी वर पाहिलं नाही. स्मरणिकेतलं 'द्रष्टे' काढून टाकलं.

जेवणानंतर ते रोजच्यासारखे गोल बसले. मधली जागा मोकळी होती. मला कोणी बोलावलं नाही. तरी त्या मोकळ्या जागेकडे बघून हसत होते.

२७ जानेवारी

दुपारी एक वाजता एकनाथरावांच्या घरातून सामुदायिक पठण ऐकू आलं. कुतूहल म्हणून खिडकीशी गेलो.

वाईच्या घराचं दार पूर्वेला. मी उजव्या कुशीवर झोपतो. एरवी वसू म्हणतो, बिनसलं की वसुंधराबाई. पाठशाळेत गुरुजींनी मला दोन गोष्टी दिल्या —

चौदा गळे, एक सूर. आणि 'दोन गोष्टी' म्हणण्याआधी सगळे जण एकदम खाकरले. मी तिथे खाकरतो. मला माहीत नव्हतं.

मी खिडकीवर थापा मारल्या. मीराबाई उठल्या, माझ्या तोंडासमोर येऊन बाहेर पाहिलं आणि मागे वळून म्हणाल्या, इथे कोणी नाही.

२८ जानेवारी

बॅगेत पासपोर्ट नाही. फोन नाही. फाटकातून बाहेर पडायला जातो आणि विहिरीपाशी असतो. तीनदा.

अमीरुन्निसाबींना मी दिसतो, पण पुसट, म्हणाल्या, काचेवर श्वास सोडावा तसा. पहिल्यांदाच सगळं सांगितलं. मी या वेळी ऐकून घेतलं.

इथे कोण होते ते त्यांनाही ठाऊक नाही. जे होते त्यांना नाव उरलं नव्हतं, हाक मारणारं कोणी नव्हतं. मग सात घरं आली आणि आपली नावं विहिरीत सोडून बसली. घेणाऱ्यांनी घेतली. वर आले. माणसं खाली गेली. अमीरुन्निसाबी चार महिन्यांनी मस्कतला उतरल्या तेव्हा न्यायला आलेला माणूस अलीमियाँच होता, फक्त कैरीला मीठ लावून दिलं तर तोंड फिरवत होता. त्यांचा माणूस लहानपणी खिशात मीठ घेऊन हिंडायचा.

एकदा त्यांनी कालवणात मूठभर मीठ लपवून घातलं होतं. एक घास गेला. त्या एका घासापुरते डोळे त्याचे झाले, तो 'अमी' म्हणाला. मग तीन दिवस ताप, अंगाला पाणी सुटलेलं. पोरं लहान होती, त्या घाबरल्या. पुन्हा धीर केला तोवर उशीर झाला होता. म्हणाल्या, वर आलेला नवा आहे तोवरच आपला माणूस परत आणता येतो, पहिले आठ दिवस, रोज मीठ, तो कितीही नको म्हणाला तरी. वागायला चांगला आहे हो, म्हणाल्या. पण माझा नाही. माझा खाली बसतो. त्याच्यासाठी ताट नेते.

आणि मी व्हिसाचा विनोद केला होता.

२९ जानेवारी

ओसरीवर कोणीतरी पाठमोरा बसला आहे. माझा करडा स्वेटर. वसूने विणलेला, एक बाही किंचित लांब. तो माझ्या टिपणांवर बोट ठेवून वाचतो आहे, ओठ हलवत. संस्कृत उच्चार भिकार.

वळला.

मी इतका तुच्छतेने बघतो हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं — वसूने सांगितलं होतं.

३० जानेवारी

तो गेला. सकाळी नऊ वाजता, अलीमियाँच्या पिकअपमधून. सगळ्यांशी हात मिळवून, वाकून, टिंगल न करता. मी चाकापुढे आडवा उभा राहिलो. पिकअप थांबली नाही.

तीसला नक्की परत यायचं, हे वचन पाळलं जाईल. माझ्या नावाने.

१ फेब्रुवारी

पायऱ्यांवर गारवा आहे. मी एकटा नाही. एकनाथ, खरा एकनाथ, दोन पायऱ्या खाली, चाळिशीतला, हातात पान्हा. बाकीचेही खाली आहेत. ओठांवरून जीभ फिरवतात, एवढंच. दुपारी ताट येतं तेव्हा सगळे वर बघतात. सुरमईचा वास. मिठाचा — हात पोचत नाही.

वर नवीन कुटुंब आलं आहे. आठवं. धिप्पाड माणूस, मुनीर म्हणून कोणी, बायको, सामान. एकनाथराव त्यांना विहीर दाखवत होते. पिकअप थांबली. आम्ही इकडे खालीही खोकलो. मीसुद्धा.

आम्ही आलो तेव्हा इथे कोणी नव्हतं, ते म्हणाले. बायको वाकून आत बघत होती. सरळ माझ्याकडे. म्हणाली, किती स्वच्छ पाणी.

३ फेब्रुवारी

मी वहीत घरचा नंबर लिहून काठावर ठेवला होता. अमीरुन्निसाबींनी आज फोन लावला, स्पीकर चालू करून ताटाशेजारी ठेवला.

वसूचा आवाज. हो, पोचले की, गुरुवारीच. तब्येत ठीक. जेवण मात्र अळणी मागतात, प्रेशर वाढलं असेल, मी पण मीठ बंद केलंय सगळ्यात. बीबी म्हणाल्या, असं करू नका वहिनी, मीठ घाला, रोज, भरपूर. वसू हसली. म्हणाली, तुम्ही कोण बाई, डॉक्टर का? मग आवाज खाली आणून म्हणाली — खरं सांगू, तिकडे जाऊन फार बदलले. समोर बसून ऐकून घेतात. कुणाला नावं ठेवत नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा बरं चाललंय.

मागून खाकरणं. आणि, वसू, कोणाचा गं फोन?

ती म्हणाली, कोणाचा नाही.

५ फेब्रुवारी

तो वर आल्याला उद्या आठ दिवस. पेन्सिल धरली की बोटांतून पाणी — पानं ओली. बीबी वही नेतील, टपालाने नाही, मस्कतला कोणी जाणारा — वेळ नाही. उद्या दुपारी पुन्हा फोन लावून वाचून दाखवतील. एवढंच पान वाचा बीबी, बाकीचं नको, बाकीच्यात मी कसा आहे ते —

वसू. स्वेटरची डावी बाही लांब आहे, मी तुला कधी बोललो नाही, म्हणजे बोललो, चारचौघांत बोललो. चुकलं. तो ऐकून घेतो. मी घेत नव्हतो. तरी तो — माझं नाव काय ते आता मला — तुला आठवतंय ना, तू घे, मोठ्याने घे, आणि ताट वाढशील तेव्हा तो नको म्हणेल, गोड बोलेल, तू ऐकू नकोस, आमटीत मूठभर मी